तीर्थस्वरूप आशीर्वादास

॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे ३०
विजयादशमी

तीर्थस्वरूप आशीर्वाद यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आज संध्याकाळी माझी भाची सोनं द्यायला आली. गेलं दीड वर्ष ती नोकरीसाठी आयर्लंडला, गॉलवेत असते. दसरा-दिवाळीसाठी रजा काढून आली आहे. आपट्याची पानं तिनं माझ्या हातावर ठेवली, वाकली, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "असू दे, असू दे."

ती वाकलेलीच राहिली. म्हणाली, "असू दे काय, मावशी? काहीतरी म्हण ना. तिकडे माझी घरमालकीण मी नुसती बाजारात निघाले तरी दारातून काही ना काही म्हणते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओठांवर शब्द आले आणि एकेक करून मी ते मागे घेतले. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हे तिला म्हणवेना. नुसतं ‘अखंड सौभाग्यवती’ म्हणावं, तर लग्न करायचं की नाही हेच तिचं अजून ठरायचं आहे. ‘यशस्वी भव’ म्हणजे बारावीच्या पेपराला सोडायला गेल्यासारखं वाटलं. शेवटी "सुखी राहा गं" एवढं म्हणाले आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. ती गेल्यापासून मी तुमचाच विचार करते आहे. तुमच्याविषयी जे बोलायचं ते तुमच्याशीच बोलावं, म्हणून हे पत्र.

एके काळी आमच्या घरात तुमचा वावर सगळीकडे होता. मी वसतिगृहात असताना वडिलांचं पोस्टकार्ड यायचं. नावाआधी ‘चि.’ आणि नावानंतर ‘अ. उ. आ.’ म्हणजे चिरंजीव, आणि अनेक उत्तम आशीर्वाद. पैशांची ओढाताण, आजीचं दुखणं, मनीऑर्डरीला झालेला उशीर, जे काही कळवायचं असेल ते या चार अक्षरांच्या नंतर. आधी तुम्ही, मग बातमी. लग्नपत्रिकेवर आजही ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ छापतात, आणि वाचणारा त्यांना नावामागची पदवी समजून पुढे जातो. त्या अक्षरांतही तुम्हीच बसलेले असता, हे आता कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाढदिवसाच्या तबकातही तुम्हीच असायचा. औक्ष म्हणजे आयुष्य, आणि ते मागायचं म्हणून औक्षण. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, हळद-कुंकू आणि अक्षता. अक्षता म्हणजे क्षत न झालेला, न तुटलेला तांदूळ. आई तबकासाठी तांदूळ निवडायची, ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. स्टीलच्या ताटलीत मूठभर तांदूळ पसरायची, खिडकीकडे तोंड करून बसायची, आणि मधल्या बोटाच्या टोकानं एकेक अख्खा दाणा अलगद पुढे ओढायची. कणी मागे राहायची. त्या कणीचा रात्री भात व्हायचा, आम्ही तो आवडीनं खायचो. पण तुमच्यासाठी कणी चालत नसे. ज्याला आयुष्य मागायचं त्याच्या कपाळी तुटका दाणा लावायचा नाही, एवढं त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

भाग्याविषयी आमची भाषा दोन आवाजांत बोलते, हे मला फार उशिरा कळलं. बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पूजतात. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. ते अक्षर पुसत नाही, असं सगळे मानतात. म्हणी या सटवाईच्या बाजूच्या. ‘दैव देतं आणि कर्म नेतं.’ ‘दैव आलं द्यायला आणि पदर नाही घ्यायला.’ मिळालं तर दैवाचं, गेलं तर तुझ्या कर्मानं, आणि दारातून परत गेलं तर दोष तुझ्याच पदराचा. हा आवाज अनुभवाचा आहे, पण फार कडक आहे. पडलेल्या माणसाला तो हात देत नाही.

तुम्ही त्याच घरात, त्याच पाळण्यापाशी येता आणि सटवाईशी वाद न घालता म्हणता, ‘औक्षवंत हो.’ मला वाटतं, सटवाई कागद भरून टाकत असली तरी समास मोकळा सोडत असावी, आणि तुम्ही त्या समासात लिहिता. मजकूर त्यानं बदलत नाही. पण आपल्या वहीच्या समासात कोणीतरी मायेनं काही लिहून ठेवलं आहे, हे ज्याला ठाऊक असतं, तो अवघड धडाही निराळ्या बळानं वाचतो.

तुमच्यामुळे आम्ही बोलताना जपायला शिकलो. आजी म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात वाईट बोलू नये. डब्यातले तांदूळ संपले असं तिनं कधी म्हटलं नाही. तांदूळ ‘वाढले’ म्हणायची. बांगडी फुटत नसे, ‘वाढत’ असे. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. गणपतीला पाण्यात सोडतानाही आम्ही निरोपाच्या जागी पुढच्या वर्षाचं आमंत्रण देतो. यामागे भीती आहे, हे मला मान्य आहे. पण संपण्याच्या प्रत्येक क्षणी वाढण्याचा शब्द हुडकून काढायचा, हे कष्ट भीतीनं एकटीनं होत नाहीत. त्याला माया लागते. ज्या घरांत तांदूळ खरोखरच संपत असत, त्याच घरांनी हा शब्द जपला.

आणि आता तुमच्या दूरच्या नातेवाइकांची गोष्ट. भाचीची घरमालकीण म्हातारी आहे आणि आयरिश भाषा बोलते. त्या भाषेत नुसतं भेटल्यावर करायचा नमस्कार म्हणजेच ‘देव तुझ्यापाशी असो.’ उत्तर देणाऱ्यानं तेवढंच परत द्यायचं नसतं, थोडं वाढवून द्यायचं असतं: ‘देव आणि मेरी तुझ्यापाशी असोत.’ कोणी शेतात, अंगणात राबताना दिसला तर जाता जाता म्हणायचं, ‘या कामावर देवाची कृपा असो.’ कोणी काम चोख केलं तर म्हणायचं, ‘देव तुझा हात दुबळा न करो.’ हे ऐकलं आणि मला आपलं ‘हाताला यश येवो’ आठवलं. आयरिशमध्ये देवाला ‘दिया’ म्हणतात. तो ‘दिया’ आणि आपला ‘देव’ एकाच प्राचीन शब्दाची लेकरं आहेत, असं भाषाशास्त्र सांगतं. आपलं ‘दैव’ही त्याच घरातलं.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध आशीर्वाद वाटेचा आहे. इंग्रजीतून तो जगभर गेला, शुभेच्छापत्रांवर आणि चहाच्या मगांवर छापला गेला: वाट तुझ्या भेटीला वर येवो. मूळ आयरिश शब्दांचा अर्थ मात्र साधा आहे. तिथलं क्रियापद एकटं असलं की त्याचा अर्थ ‘उठणं’, पण त्याला ‘बरोबर’ या अर्थाचा शब्द जोडला की ‘यश येणं’. म्हणजे म्हणायचं होतं एवढंच, की तुझी वाट फळो. भाषांतर करणाऱ्यानं क्रियापद धरलं आणि त्याला चिकटलेला धाकटा शब्द सुटला. तरीही आशीर्वाद पोचला, कारण तो मगावरून वाचून म्हणायचा नसतो. ती म्हातारी दारात उभी राहते, पोरीच्या खांद्यावरची पिशवी बघते, बाहेरचा पाऊस आणि ओला रस्ता बघते, आणि मग म्हणते. बघून म्हणते, हे महत्त्वाचं. मी आज न बघताच ‘असू दे’ म्हणाले होते.

ती वाट आपल्याला अगदीच परकीही नाही. ज्यांचं मूळ घर मालवण तालुक्यातल्या वराडला, ते डॉ. अशोक वराडकर आधी इंग्लंडला आणि मग आयर्लंडला गेले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ साली त्या देशाचा पंतप्रधान झाला, आणि २०१९ च्या डिसेंबरात कुटुंबासह वराडला येऊन गेला. ‘येतो’ म्हणून निघालेलं माणूस कधी पुढच्या पिढीच्या पायांनीही येतं.

इतकं लिहिल्यावर आता जे लिहायचं ते जड जातंय. पण ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. माझा तुमच्यावर राग आहे.

माझी आत्या १९५२ साली, चोविसाव्या वर्षी विधवा झाली. हिंगण्याला राहून शिकली, शिक्षिका झाली, भावंडांची शिक्षणं तिनं केली. घरात कोणताही मोठा निर्णय तिला विचारल्याशिवाय होत नसे. पण मुंज असो, लग्न असो, डोहाळजेवण असो, ओवाळायची वेळ झाली की आत्या माजघराच्या दाराआड जाऊन उभी राहायची. कोणी तिला जा म्हणत नसे आणि कोणी तिला ये म्हणत नसे. तिच्या नावाआधीचं ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ आलं होतं, आणि त्या दोन अक्षरांनी तिच्याकडून तुम्हाला काढून घेतलं होतं. जिनं सगळ्या घराचं बरं केलं, तिच्या तोंडून ‘बरं होवो’ हे ऐकायची घराला भीती वाटत होती.

१९८४ साली माझं लग्न झालं. निघताना मी बाहेरच्या खोलीत सगळ्यांना वाकून नमस्कार केला. प्रत्येकानं डोक्यावर हात ठेवून म्हटलं, ‘अखंड सौभाग्यवती भव.’ आत्या तिथं नव्हती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या अंधाऱ्या बोळात ती उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला ओल्या नारळाचा वास येत होता. शंभर पानांचे नारळ सकाळपासून तिनंच खवले होते. मी वाकायला लागले तर तिनं वाकू दिलं नाही. म्हणाली, "नीट राहा. दमलीस की ये. कारण सांगायला नको."

बाहेरच्या खोलीतल्या वीस आशीर्वादांत माझ्या नवऱ्याचं आयुष्य होतं, होणारी मुलं होती, दोन घराण्यांचं भलं होतं. बोळातल्या त्या एका वाक्यात फक्त मी होते. पुढे संसारात दोनदा असे दिवस आले की मी त्या वाक्याच्या आधारावर उभी राहिले. एकदाच गेले. तिनं खरंच कारण विचारलं नाही. पिठलं-भात केला.

आत्या ज्या हिंगण्याला शिकली, त्याच्या गोष्टीत तुमचाही भाग आहे. ‘सौभाग्यवती’ आणि ‘अष्टपुत्रा’ या तुमच्या दोन शब्दांचा हिशेब एकाच घरातल्या बापलेकांनी मांडला. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. या लग्नाबद्दल मुरुडला, कर्व्यांच्या स्वतःच्या गावात, त्यांच्यावर बहिष्कार पडला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. ‘सौभाग्य’ नवऱ्याच्या श्वासाला बांधलेलं असतं, हे त्यांनी मानलं नाही. तिथं शिकलेल्या मुलींना त्यांनी शिक्षणाचं, मिळवत्या हाताचं भाग्य दिलं.

आणि नवव्या वर्षी आईला बाळंतपणात गमावलेल्या रघुनाथनं पुढे १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. ‘अष्टपुत्रा’ या शब्दाची किंमत बाईच्या शरीरानं मोजायची असते, हे तुम्हाला त्यांच्याइतकं स्पष्ट कोणी सांगितलं नसेल. ज्या समाजानं या बापलेकांना तळतळाट दिले, त्याच समाजात धोंडोपंत १०४ वर्षं जगले. जन्म १८५८, मृत्यू १९६२. शंभरी गाठली त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ‘शतायुषी भव’ हा शब्द त्यांच्या वाट्याला पुरेपूर आला, तेव्हा तुम्हीही मनातून त्यांच्याच बाजूला असाल, असं मी धरून चालते.

गोष्ट अजून संपलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. म्हणजे कर्व्यांच्या लग्नानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनीही ठराव करावा लागतो. पण ठराव होतो, हेही तितकंच खरं.

रागातही तुमचं मोठेपण मी विसरलेले नाही. तुम्ही जेव्हा एका घराचा उंबरा ओलांडता तेव्हा केवढे होता! पाडव्याला आमच्या बाया ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ यात माझा मुलगा, माझा नवरा असं काही नाही. सगळ्यांवर सुखाचं राज्य येऊ दे, एवढंच आहे. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्या बळीराजाला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. बायकांच्या ओठांवर टिकलेला तुमचा एक शब्द एवढ्या मोठ्या विचाराला पुरला. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ग्रंथ पुरा करताना जे पसायदान मागितलं, त्यात स्वतःसाठी जवळजवळ काहीच नाही. दुष्टाचा नाश व्हावा असंही ते मागत नाहीत. त्याच्यातला दुष्टपणा तेवढा सुटावा, म्हणतात. शापाच्या जागीही आशीर्वाद ठेवता येतो, हे मराठी तिथं शिकली.

आणि वारीत तर तुम्हाला वयही उरत नाही. दर वर्षी आषाढी वारीच्या वाटेवर दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत. लहानपणापासून मी बघत आले आहे. सत्तरीचा वारकरी दहा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पाया पडतो, तो पोरगा लगेच त्याच्या पाया पडतो, आणि दोघंही एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात. कोण देणारा आणि कोण घेणारा, हे बाहेरून ओळखता येत नाही. तिथं कोणी विचारत नाही, की तुझ्या नावाआधी काय लावतात.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. लहान तोंडी मोठा घास वाटला तर पोटात घाला.

पहिली, देणाऱ्याचं ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ बघू नका. ज्याच्या मनात दुसऱ्याचं बरं व्हावं असं आहे, त्याच्या तोंडी या. दाराआड उभ्या असलेल्या सगळ्या आत्यांना, मावश्यांना, काकूंना बाहेरच्या खोलीत घेऊन या आणि निरांजनाचं तबक त्यांच्या हातात द्या.

दुसरी, घेणाऱ्याकडे नीट बघा. अख्खा दाणा निवडावा तसा त्याच्यापुरता शब्द निवडायला आम्हाला शिकवा. आजारातून उठलेल्याला ‘अंगाला लागो’, नव्या धंद्याला ‘बरकत येवो’, शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टर पोरीला ‘हाताला यश येवो’, घर घेतलेल्याला ‘वास्तू लाभो’. मराठीत हे सगळं आहे. फक्त आम्ही ते वापरायचं सोडलं आहे, आणि हात जोडलेलं चित्र फोनवर पाठवून मोकळे होतो आहोत.

तिसरी, आम्हाला ‘असू दे’वर थांबू देऊ नका. त्या शब्दांना मी वाईट म्हणत नाही. ‘माझ्या पायाशी कोणी वाकायला नको’ हा संकोच त्यात आहे, आणि तो चांगलाच आहे. पण वाकणाऱ्याला आवरताना द्यायचं ते राहून जातं. आत्यानंही मला वाकू दिलं नव्हतं. तिनं मात्र दिल्याशिवाय सोडलं नाही.

भाची भाऊबीज करून निघेल. पहाटेची गाडी असेल. मी तिच्या हातावर दही ठेवीन. ती चप्पल घालता घालता ‘येते’ म्हणेल, आणि माझ्या पायाकडे वाकेल. मी तिचं मनगट धरीन, वाकू देणार नाही. तिच्या पाठीवरची पिशवी नीट बघीन, झोप न झालेले डोळे बघीन, आणि म्हणेन, "तुझी वाट फळो गं. आणि दमलीस की ये. कारण सांगायला नको."

त्या वेळी तुम्ही माझ्या तोंडी असा.

लोभ आहे तो वाढावा, ही विनंती.

आपली,
मावशी